राजवायूंचे आयन होत नाहीत, तर टेस्टरमधला निऑन पेटतो कसा?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, माध्यमिक शाळा)

नमस्कार. मी तालुक्याच्या एका शाळेत आठवी आणि नववीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात रासायनिक बंधाचा पाठ चालू असताना मी फळ्यावर दरवर्षी लिहिते तेच वाक्य लिहिले: ‘राजवायूंचे बाह्यतम कवच पूर्ण भरलेले असते, त्यामुळे ते इलेक्ट्रॉन देत नाहीत व घेत नाहीत, म्हणून त्यांचे आयन तयार होत नाहीत.’ (राजवायू म्हणजे हेलिअम, निऑन, आर्गॉन यांसारखे वायू; आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गेल्याने किंवा आल्याने प्रभार मिळालेला अणू.) मुलांनी ते उतरवून घेतले. तेवढ्यात एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील वायरमन आहेत. तो म्हणाला, ‘‘बाई, टेस्टरमध्ये निऑनचा दिवा असतो असे पप्पा सांगतात. वायूतून करंट जायला आयन लागतात असे तुम्हीच मागे सांगितले होते. मग निऑनचे आयन होतच नसतील, तर टेस्टर पेटतो कसा?’’

त्या वेळी ‘उद्या सांगते’ एवढेच मी म्हणू शकले. घरी येऊन विचार करू लागले, तेव्हा लक्षात आले की मुलाचा प्रश्न रास्त आहे आणि माझे वाक्यच कुठेतरी अपुरे आहे. कवच पूर्ण म्हणून अणू स्थिर, आणि स्थिर का, तर कवच पूर्ण, असे आपण गोल गोल फिरतो आहोत असे वाटू लागले. शिवाय तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात हेही आपणच शिकवतो; आर्गॉनच्या तिसऱ्या कवचात तर ८ च असतात. मग त्याला ‘पूर्ण’ म्हणायचे कशाच्या आधारावर? नववीच्या मुलांना खोटे न सांगता आणि त्यांना गोंधळात न टाकता हे कसे समजावून सांगावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (निवृत्त प्राध्यापक, रसायनशास्त्र)

आपण ‘उद्या सांगते’ म्हणालात आणि खरोखरच शोध घेऊ लागलात, याचे मला फार बरे वाटले. आपल्या वाक्यातील ‘देत नाहीत’ आणि ‘घेत नाहीत’ हे शब्द प्रथम बाजूला ठेवू, कारण त्यांत अणूला इच्छा असल्याचे गृहीत धरले जाते आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. वर्गात आपण सहज म्हणतो की सोडिअमला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो. वस्तुस्थिती अशी आहे की सोडिअमच्या एकट्या अणूपासून इलेक्ट्रॉन काढायचा झाला, तर एका मोलमागे (अणूंच्या एका ठरावीक मोठ्या संख्येमागे) ४९६ किलोज्यूल ऊर्जा बाहेरून पुरवावी लागते. आपला इलेक्ट्रॉन खुशीने सोडून देणारा उदासीन अणू आवर्तसारणीत एकही नाही. तेव्हा इलेक्ट्रॉन निघतो की नाही हा प्रश्नच नसून, तो काढायला किती ऊर्जा लागते आणि लावलेली ऊर्जा पुढे कुठून भरून येते, हा खरा प्रश्न आहे.

आता आवर्तसारणीच्या दुसऱ्या आवर्तनातील (आडव्या ओळीतील) पहिल्या आयनन ऊर्जा, म्हणजे अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, किलोज्यूल प्रति मोलमध्ये ओळीने पाहा. कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लुओरिन १६८१, निऑन २०८१. आणि त्याच्या पुढच्याच घरात सोडिअम ४९६. ऑक्सिजनपाशी थोडा उतार आहे, पण एकंदरीत ही चढणच आहे. देशावरून चढत चढत माथ्यावर यावे आणि समोर कोकणकडा सरळ तुटलेला दिसावा, तसे निऑन आणि सोडिअम यांच्यामध्ये होते. हे आकडे मी मुलांना आलेख कागदावर काढायला लावत असे. तो कडा त्यांच्या हातून कागदावर उतरला की ‘पूर्ण कवच’ हे शब्द उच्चारण्याआधीच अर्धे काम झालेले असे.

ही चढण का आहे? निऑनच्या केंद्रकात १० प्रोटॉन आहेत. आतील कवचातील २ इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ बऱ्यापैकी झाकतात. परंतु बाहेरचे ८ इलेक्ट्रॉन एकाच कवचात, केंद्रकापासून साधारण सारख्याच अंतरावर असल्यामुळे एकमेकांना फारसे झाकू शकत नाहीत. स्लेटर यांच्या सोप्या नियमांनी हिशेब केला, तर निऑनच्या बाहेरच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला सुमारे ५.८५ प्रोटॉनांएवढा धनप्रभार जाणवतो. सोडिअममध्ये प्रोटॉन एकाने वाढून ११ झाले, पण अकरावा इलेक्ट्रॉन पुढच्या कवचात, म्हणजे दूर गेला आणि आतल्या दहा जणांनी केंद्रक जवळपास झाकून टाकले. त्याला जाणवणारा प्रभार जेमतेम २.२ आहे. निऑनचे इलेक्ट्रॉन घट्ट का धरलेले आहेत याचे कारण हे आहे. आठ या संख्येत स्वतःची अशी काही जादू नाही. त्या आवर्तनात केंद्रकाची ओढ सर्वांत जास्त जिथे पोहोचते, ते घर निऑनचे आहे.

ऋण आयनाची बाजू याहून सोपी आहे. क्लोरिनच्या अणूत बाहेरून इलेक्ट्रॉन आला, तर त्याला त्याच कवचात जागा मिळते, जिथे ओढ अजून भरपूर शिल्लक आहे, आणि मोलमागे ३४९ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. निऑनकडे आलेल्या इलेक्ट्रॉनला मात्र पुढच्या कवचात, सगळ्यांच्या बाहेर उभे राहावे लागते. तिथून त्याला १० प्रोटॉन आणि त्यांना पुरते झाकणारे १० इलेक्ट्रॉन दिसतात, म्हणजे ओढ उरत नाही. तो टिकतच नाही. राजवायूंचे साधे ऋण आयन रसायनशास्त्रात आढळत नाहीत, ते यामुळे.

आता खर्च भरून येण्याचा मुद्दा. मिठाचा स्फटिक तयार होताना सोडिअमचे बाष्प करायला १०७, त्याचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६ आणि क्लोरिनचा रेणू फोडून एक अणू मोकळा करायला १२१ किलोज्यूल लागतात, एकूण ७२४. उलट बाजूला क्लोरिनने इलेक्ट्रॉन घेतल्यावर ३४९ आणि आयन स्फटिकात एकत्र रचले गेल्यावर ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात, एकूण ११३६. म्हणजे ४१२ किलोज्यूल पदरात पडले आणि मीठ झाले. हाच हिशेब आर्गॉनचा करून पाहा. बाष्प करण्याचा खर्च नाही, कारण तो वायूच आहे. पण इलेक्ट्रॉन काढायला १५२१ आणि क्लोरिनसाठी १२१ मिळून १६४२ लागतात. स्फटिकातून मिळणारी ऊर्जा मिठाइतकीच धरली, आणि ही खरे तर आर्गॉनला दिलेली सवलत आहे, तरी परत येतात ते ११३६. मोलमागे ५०६ किलोज्यूलचा तोटा. निऑनच्या बाबतीत हाच तोटा १०६६ होतो. आर्गॉन क्लोराइड नावाचे मीठ कुठल्याही बरणीत नाही, ते या तोट्यामुळे.

आणि याच हिशेबाची दुसरी बाजू मुलांना अवश्य दाखवावी. सोडिअमचा एक इलेक्ट्रॉन गेला की उरलेल्या आयनात निऑनसारखीच मांडणी असते. त्यातून दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४५६२ किलोज्यूल लागतात, पहिल्याच्या नऊपटींहून अधिक. सोडिअम एका इलेक्ट्रॉनवर थांबतो तो ‘समाधान’ मिळाले म्हणून नव्हे, तर पुढचा खर्च कोणताही स्फटिक भरून देऊ शकत नाही म्हणून. निऑनचे आयन का होत नाहीत आणि सोडिअमचे दोन धनप्रभारांचे आयन मिठात का सापडत नाहीत, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

आर्गॉनच्या कवचाविषयीची आपली शंका अगदी योग्य आहे. ‘पूर्ण’ याचा अर्थ कवचात यापुढे जागा नाही असा घेतला, तर आर्गॉन पूर्ण नाहीच. पाहायचे असते ते हे, की भरलेल्या शेवटच्या पातळीपासून पुढच्या रिकाम्या पातळीपर्यंत किती मोठी उडी आहे. निऑनमध्ये ही उडी सुमारे १६.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (एकेका अणूच्या ऊर्जेचे माप), तर आर्गॉनमध्ये सुमारे ११.५ आहे. मॅग्नेशिअममध्येही शेवटची उपकक्षा (कवचाचा एक भाग) दोन इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेली असते, पण तिथून पुढची पातळी केवळ २.७ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे. म्हणून मॅग्नेशिअमची फीत प्रयोगशाळेत डोळे दिपवत जळते आणि आर्गॉन मात्र ढिम्म राहतो. उपकक्षा भरलेली असणे पुरेसे नाही, तिच्या पुढे मोठी फट असावी लागते.

टेस्टरविषयी मी मुद्दाम लिहीत नाही. विद्युतविसर्जनाचा, म्हणजे वायूतून वीज वाहण्याचा, माझा अभ्यास नाही. ते भौतिकशास्त्राच्या माणसाने सांगितलेले बरे.

प्रतिसाद २ (फॅब्रिकेशन वर्कशॉप चालवणारा)

मी पदवीधर नाही, आयटीआय करून अठरा वर्षे वेल्डिंगच्या धंद्यात आहे, तरी माझ्या कामाशी थेट संबंध आला म्हणून लिहितो. आमच्याकडे स्टेनलेस स्टीलला ‘आर्गन वेल्डिंग’ करतात. टॉर्चच्या तोंडाशी टंगस्टनची टोकदार कांडी असते आणि तिच्या भोवतीने आर्गन वायू सोडलेला असतो. बटण दाबले की आधी वायू येतो, मग मशीन क्षणभर हाय फ्रिक्वेन्सी देते आणि चर्र आवाज होऊन कांडी व पत्रा यांच्यामध्ये आर्क लागतो. तो आर्क म्हणजे तापून आयन झालेला आर्गनच आहे. त्याच्यातूनच शंभर-दीडशे अँपिअर करंट जातो. म्हणजे आर्गनचे आयन होतात, आणि ते मी रोज काचेआडून पाहतो.

गंमत अशी की तोच आर्गन त्याच वेळी वितळलेल्या पोलादाला राखतो. मध्येच सिलिंडर संपला तर ते पाहून कळते: चकचकीत रुपेरी शिवण एकदम काळी पडते, फसफसते आणि तिच्यात टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे दिसतात. तो हवेतल्या ऑक्सिजनचा आणि नायट्रोजनचा उपद्रव. आर्गन मात्र आर्कमध्ये आयन होऊनही धातूशी काही करत नाही. आर्कच्या बाहेर पडला की पुन्हा होता तसा आर्गन.

प्राध्यापक साहेबांनी दिलेल्या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट उलगडली. जाड ॲल्युमिनिअमसाठी काही ठिकाणी आर्गनमध्ये हेलिअम मिसळतात. हेलिअम असला की आर्क लवकर धरत नाही आणि तेवढ्याच लांबीच्या आर्कला व्होल्टेज जास्त लागते. पण एकदा धरला की उष्णता जास्त मिळते. हे आम्हाला अनुभवाने माहीत होते. हेलिअमचा इलेक्ट्रॉन काढायला आर्गनपेक्षा किती जास्त ऊर्जा लागते, ते कुणी सांगेल का?

प्रतिसाद ३ (भौतिकशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी)

वरील वर्कशॉपवाल्या दादांचे निरीक्षण तंतोतंत खरे आहे. हेलिअमची आयनन ऊर्जा २४.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि आर्गॉनची १५.८. सगळ्या मूलद्रव्यांमध्ये हेलिअमचा आकडा सर्वांत मोठा आहे, म्हणून त्याचा आर्क धरायला त्रास होतो. (एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे मोलमागे सुमारे ९६.५ किलोज्यूल, म्हणजे हेलिअमचे २३७२ किलोज्यूल होतात.)

आता टेस्टर. त्याच्या पारदर्शक दांड्यातून आत पाहिले, तर स्प्रिंगच्या पुढे एक छोटा रोध आणि त्यापुढे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा काचेचा दिवा दिसतो. दिव्यात दोन बारीक धातूच्या काड्या एकमेकींना न टेकता शेजारी उभ्या असतात आणि भोवती कमी दाबाचा निऑन असतो. वायूत नेहमीच काही मोजके मोकळे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशामुळे, वैश्विक किरणांमुळे ते सुटत राहतात. काड्यांवर व्होल्टेज आले की हे इलेक्ट्रॉन धन टोकाकडे धाव घेतात. वाटेत निऑनच्या अणूंशी त्यांच्या टकरा होतात. धावणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या गाठीशी १६.६ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी ऊर्जा असेल, तर तो चेंडूसारखा उसळून परत जातो आणि निऑनला काहीच होत नाही. त्याहून जास्त असेल, तर निऑनचा एखादा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो. आणि २१.६ च्या पुढे गेली, तर तो इलेक्ट्रॉन सुटूनच जातो आणि मागे निऑनचे धन आयन उरते. सुटलेला इलेक्ट्रॉनही पळू लागतो, आणखी अणूंवर आदळतो. इकडे जड आयन ऋण काडीकडे जाऊन तिच्यावर आदळतात आणि तिच्या पृष्ठभागातून नवे इलेक्ट्रॉन बाहेर काढतात. हे चक्र स्वतःच्या बळावर चालू राहील एवढे व्होल्टेज मिळाले की दिवा पेटतो. सर्वसाधारण निऑन दिव्याला साठ ते नव्वद व्होल्ट पुरतात. दीड व्होल्टच्या सेलवर टेस्टर पेटत नाही, तो म्हणूनच.

तेव्हा विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे थेट उत्तर असे: टेस्टरमध्ये निऑनचे आयन होतात. त्यांच्यासाठी लागणारी ऊर्जा वीजपुरवठा भरतो. परंतु प्रत्येक आयन अल्पकाळ जगते. ऋण काडीवर किंवा काचेच्या भिंतीवर पोहोचताच इलेक्ट्रॉन मिळवून पुन्हा उदासीन निऑन होते. बटण बंद केले की सगळा हिशेब मिटतो आणि दिव्यात पूर्वीचाच निऑन असतो. मिठातले सोडिअमचे आयन मात्र बाहेरून कुणी ऊर्जा न पुरवता तसेच बसून राहते. ‘आयन होणे’ आणि ‘आयन टिकणे’ यांत वर्गात फरक केला, तर फळ्यावरचे वाक्य फार बदलावे लागणार नाही.

एक खबरदारी. टेस्टरचा नारिंगी उजेड आयनांचा आहे असे मुलांना सांगू नये. तो मुख्यतः उत्तेजित पण उदासीन अणूंचा असतो: वरच्या पातळीवर गेलेला इलेक्ट्रॉन खाली येताना तो प्रकाश बाहेर पडतो. हेलिअमच्या शोधातही हेच आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या कडेच्या प्रकाशात पिवळी रेषा दिसली. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन यांनी ते ग्रहण गुंटूर येथून पाहिले होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाविना ती रेषा पाहिली. आपल्याकडे विजयदुर्ग किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ दाखवताना लॉकियर यांनी ते ग्रहण तिथून पाहिले असे सांगितले जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले. ती पिवळी रेषा, तरंगलांबी सुमारे ५८७.६ नॅनोमीटर, उदासीन हेलिअमची आहे.

हेलिअमच्या आयनाच्या रेषा त्यानंतर, १८९६ साली खगोलशास्त्रज्ञ पिकरिंग यांना एका अतिशय तप्त ताऱ्याच्या वर्णपटात दिसल्या, आणि बराच काळ त्या हायड्रोजनच्या समजल्या गेल्या. १९१३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी दाखवून दिले की त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलिअमच्या आहेत. एकच इलेक्ट्रॉन उरलेला, पण केंद्रकाचा प्रभार दुप्पट, त्यामुळे तो हायड्रोजनपेक्षा चौपट घट्ट बांधलेला: १३.६ च्या जागी ५४.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. एवढी ऊर्जा पुरवण्याइतके तप्त तारे विश्वात आहेत, आणि तिथे हेलिअम सर्रास आयनस्वरूपात असतो. राजवायूंचे आयन विरळ आहेत हे विधान आपल्या नेहमीच्या तापमानापुरतेच खरे मानावे.

प्रतिसाद ४ (रसायनशास्त्राचा अध्यापक, अजैविक शाखा)

प्राध्यापक महोदयांच्या उत्तराविषयी आदर ठेवून एक भर घालतो. त्यांच्या हिशेबात निऑन आणि आर्गॉन आले, पण हा हिशेब सर्वांत रोचक होतो तो झेनॉनपाशी, आणि तो वगळला तर मुलांना ‘राजवायू कधीच नाही’ असे वाटत राहील.

खाली जावे तसे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातात आणि आयनन ऊर्जा उतरत जाते: हेलिअम २३७२, निऑन २०८१, आर्गॉन १५२१, क्रिप्टॉन १३५१, झेनॉन ११७०. हा शेवटचा आकडा नीट पाहावा. हायड्रोजनचा १३१२, ऑक्सिजनच्या अणूचा १३१४ आणि क्लोरिनचा १२५१ आहे. म्हणजे झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढणे या तिन्हींपेक्षा स्वस्त आहे. हा आकडा अनेक वर्षे तक्त्यांत छापलेला होता आणि तरीही झेनॉनचे संयुग होणार नाही असेच बहुतेक सगळे मानत होते. त्याला कारणही होते. रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांनी पाठवलेला आर्गॉन १८९५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मॉइसाँ यांनी फ्लुओरिनबरोबर ठेवून पाहिला होता, काही घडले नव्हते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पाउलिंग यांनी १९३३ मध्ये झेनॉनचे फ्लुओराइड व्हावे असे भाकीत केले, पण त्या वेळी केलेल्या प्रयोगाला यश आले नाही. अपयशाचे हे दाखले आणि अष्टकाचा नियम (बाहेर आठ इलेक्ट्रॉन झाले की अणू स्थिर) यांनी मिळून प्रश्नच बंद करून टाकला. नियम पाठ झाला की तक्त्यातला आकडा डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, याचे मला एक शिक्षक म्हणून नेहमी भय वाटते.

१९६२ साली व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइडवर काम करत होते. या संयुगाची वाफ गडद तांबडी असते आणि ती इलेक्ट्रॉन ओढून घेण्यात अतिशय प्रबळ आहे. त्यांना आढळले की तिने ऑक्सिजनच्या रेणूमधूनच इलेक्ट्रॉन ओढून घेतला आहे आणि ऑक्सिजनच्या रेणूचे धन आयन असलेला घन पदार्थ तयार झाला आहे. ऑक्सिजनच्या रेणूची आयनन ऊर्जा ११६५ किलोज्यूल, झेनॉनची ११७०. पाचाचा फरक! बार्टलेट यांनी झेनॉन आणि ती तांबडी वाफ यांना वेगळे ठेवणारा काचेचा पडदा फोडला, आणि साध्या तापमानाला डोळ्यांदेखत पिवळसर नारिंगी घन पदार्थ जमला. त्या वर्षाच्या आतच झेनॉनची साधी फ्लुओराइडे इतर प्रयोगशाळांतही तयार झाली.

येथे मात्र तोल सांभाळून बोलावे लागते. बार्टलेट यांनी प्रथम मानले तसे ते साधे झेनॉनचे आयन आणि प्लॅटिनमचे ऋण आयन असे सरळ मीठ नव्हते. त्यात झेनॉनला एक फ्लुओरिन जोडलेले धन आयन असल्याचे पुढे दिसून आले. झेनॉन डायफ्लुओराइड हेही आयनिक संयुग नाही, त्यातील बंध सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले) असून झेनॉनवर केवळ अंशतः धनप्रभार असतो. एकट्या, उघड्या झेनॉन आयनाला बाहेरच्या कवचात एक जागा रिकामी असते आणि ते आसपास जे मिळेल त्यातून इलेक्ट्रॉन ओढते. त्याला बाटलीत ठेवणे जमत नाही. फ्लुओरिनशी बंध जुळल्यावर, किंवा दोन झेनॉन एकत्र येऊन एक धनप्रभार वाटून घेतल्यावर, ते टिकते. दोन झेनॉनांचे ते आयन हिरव्या रंगाचे असते आणि अँटिमनीच्या फ्लुओराइडसारख्या, इलेक्ट्रॉन सोडायला मुळीच तयार नसलेल्या सोबत्यांमध्येच त्याचे स्फटिक मिळाले आहेत. म्हणजे इलेक्ट्रॉन काढणारा प्रबळ हवा, आणि नंतर तो परत न देणारा शेजारही हवा. निऑनच्या बाबतीत २०८१ किलोज्यूल भरून देईल असा जोडीदार कुणापाशीच नाही.

झेनॉनच्या स्वस्त आयननाचा व्यावहारिक उपयोगही सांगतो. उपग्रहांवरील विद्युत प्रणोदकात झेनॉन वापरतात: वायूचे आयन करायचे, विद्युतक्षेत्राने त्यांना प्रचंड वेगाने मागे फेकायचे आणि यान पुढे रेटायचे. अणू जड हवा आणि त्याचे आयन करायला ऊर्जा कमी लागावी, या दोन्ही अटी झेनॉन पुऱ्या करतो. शिवाय तो टाकीत वा नळ्यांत काही गंजवत नाही. इस्रोने २०१७ मध्ये सोडलेल्या जीसॅट-९ या उपग्रहावर झेनॉनवर चालणारी विद्युत प्रणोदन यंत्रणा होती. मागे फेकलेल्या आयनांच्या झोतात वेगळ्या नळीतून इलेक्ट्रॉनही सोडावे लागतात, अन्यथा यानावर ऋणप्रभार साठत जाऊन तेच आयन परत ओढले जातील.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल मी फळ्यावरचे जुने वाक्य पुसले आणि मुलांना कार्बनपासून सोडिअमपर्यंतचे सहा आकडे देऊन आलेख काढायला लावला. सोडिअमचा बिंदू मांडताना दोन मुलींनी ‘बाई, हा आकडा चुकला आहे का?’ असे विचारले, आणि तिथूनच तास खऱ्या अर्थाने सुरू झाला. मिठाचा आणि आर्गॉनचा जमाखर्च आम्ही शेजारी शेजारी मांडला. नवे वाक्य मी असे लिहिले: ‘राजवायूंचा इलेक्ट्रॉन काढायला फार ऊर्जा लागते आणि ती बहुतेक अभिक्रियांत भरून येत नाही, म्हणून त्यांचे आयन क्वचित बनतात आणि बनले तरी सहसा टिकत नाहीत.’ यात काही चूक असल्यास अवश्य सांगावे.

नंतर स्वीचबोर्डावरचा जुना इंडिकेटर आम्ही भिंगातून पाहिला. तोही निऑनचाच आहे. त्या वायरमनच्या मुलाने लगेच दाखवले की उजेड दोन काड्यांच्या मधल्या जागेत नसून दोन्ही काड्यांना लपेटून आहे. इलेक्ट्रॉन एका काडीकडे आणि आयन दुसरीकडे जात असतील, तर दोन्ही काड्या सारख्या का उजळतात, असा त्याचा आता पुढचा प्रश्न आहे.

प्रतिसाद ५ (भौतिकशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी)

वाक्य बरोबर आहे. वर्गात कुणी ऋण आयनाविषयी विचारले, तर घेतलेला इलेक्ट्रॉन धरून ठेवण्याइतकी ओढच उरत नाही, एवढे तोंडी सांगावे.

त्या मुलाचे निरीक्षण उत्तम आहे. अशा दिव्यात उजेड ऋण काडीला बिलगून असतो. आयन तिच्यावर आदळून इलेक्ट्रॉन बाहेर काढतात, आणि ते इलेक्ट्रॉन काडीपासून थोडे अंतर जाताच त्यांच्यापाशी निऑनला उत्तेजित करण्याइतकी ऊर्जा जमते. म्हणून तिथेच प्रकाश पडतो. घरातील वीज प्रत्यावर्ती आहे, सेकंदाला ५० आवर्तने. त्यामुळे प्रत्येक काडी सेकंदात ५० वेळा ऋण होते आणि त्या त्या वेळी उजळते, पण आपल्या डोळ्यांना दोन्ही सतत पेटलेल्या दिसतात. हाच दिवा योग्य रोध जोडून शंभर-सव्वाशे व्होल्टच्या एकदिश पुरवठ्यावर लावला, तर एकच काडी उजळते. हा प्रयोग मुलांच्या हाती देऊ नये. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तिथल्या शिक्षकांकडून करवून घ्यावा आणि त्या मुलाला पाहायला न्यावे. तारा उलट जोडताच उजेड एका काडीवरून दुसरीवर जातो, आणि आयन कोणत्या दिशेने चालले आहेत ते त्याला विचारावे लागणार नाही.